बसून घेतलेलं माप

४ मार्च, सोमवार

ही वही मापांची आहे. पुढून मापं, मागून मी. वडील म्हणायचे, शिंप्याने मनात काही साठवू नये, कात्री वाकडी जाते. साठवायचं नाही तर सांगायचं कुणाला, हे मात्र ते सांगून गेले नाहीत. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की, नाहीतर रात्री निजण्याआधी, शेवटच्या पानापासून उलटं लिहीत येतो. संध्याकाळी वही पिशवीत टाकून घरी नेतो, कारण कुठल्या शर्टाला किती काजं करायची ते अक्काला पुढच्या पानांवरून बघावं लागतं.

आज शाळेचं पत्र आलं आणि तोंडचं पाणी पळालं. यंदापासून गणवेश तयार कपड्यांच्या कंपनीकडून घ्यायचा विचार आहे म्हणे. मात्र विद्यार्थ्यांच्या समितीने आग्रह धरल्यामुळे मला एक संधी. ‘सगळ्या मुलांना नीट होईल’ असा नमुना तीस तारखेला सभेत दाखवायचा. पसंत पडला तर काम माझं, नाहीतर कंपनीचं.

तीस वर्षं ह्या शाळेचा गणवेश मी शिवतो आहे. त्या गणवेशातली पोरं आज स्वतःची पोरं घेऊन येतात. आणि आता नववीतल्या पोरांनी आग्रह धरला म्हणून मला संधी! उपकारच झाले.

अक्काला घरी सांगितलं. पत्र तिने दोनदा वाचलं. म्हणाली, “म्हणजे पोरांनी तुला वाचवलं की रे, धाकट्या.” अक्काला बाहेरचं जग ठाऊक नाही, त्यामुळे तिला सगळं गोडच दिसतं.

७ मार्च, गुरुवार

समितीची बैठक झाली. शाळेच्या खेळसामानाच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीशेजारी. मला बसायला उलटी बादली दिली.

अध्यक्ष म्हणजे नववीतली एक मुलगी. सगळे तिला वकील म्हणतात, आणि ते नाव वाया गेलेलं नाही. मी सुरुवातीलाच सांगितलं, तीस वर्षांत एक तक्रार नाही. तर म्हणते, “काका, ज्यांची तक्रार आहे ते सांगत नाहीत. लाज वाटते त्यांना. म्हणून आम्ही कुणाला विचारलंच नाही. नुसतं बघितलं.”

ह्या पोरांनी महिनाभर काय केलं, तर कोण काय लपवतं ते टिपलं. मधल्या सुट्टीत, प्रार्थनेला, जिन्यात. त्यांच्या वहीत सगळं आहे. सहावीतला एकजण कॉलर टोचते म्हणून ती दिवसभर चावत बसतो, ओली झाली की रुमालाने झाकतो. एका मुलीचा डावा हात चालत नाही, ती वरची दोन बटणं लावत नाही आणि वेणी पुढे घेते. मुलींना खिसे नाहीत, त्या हव्या त्या गोष्टी मोज्यात खोचतात. मी म्हटलं, “अगं, गणवेश म्हणजे सगळ्यांना सारखा.” वकील म्हणाली, “दिसायला सारखा, काका. अंगाला ज्याचा त्याला.”

मग शिट्टी. ही वकिलाची मैत्रीण, चाकाच्या खुर्चीत असते. शिट्टी इतकी सुरेख वाजवते की तेच नाव पडलं. बारा महिने ती कमरेमागे स्वेटर बांधते, उन्हाळ्यातसुद्धा. का, ते तिनेच सांगितलं, अगदी वेळापत्रक सांगावं तसं. “बसले की पँट मागून खाली सरकते. मागच्या बाकावरचे बोटं मोजतात. आज किती बोटं उघडी म्हणून.”

मला मान वर करवेना. ती पँट माझी. दर वर्षी तिची आई जुनी पँट आणून द्यायची, मी त्यावरून वाढतं माप धरून नवी शिवायचो. पोरीला मी आजवर बघितलंच नव्हतं. म्हटलं, “पोरी, ह्या वेळी मी स्वतः तुझं माप घेतो. सभेत तू स्वेटर काढून बसशील, माझा शब्द आहे.”

शब्द देऊन बसलो खरा.

९ मार्च, शनिवार

शिट्टी वकिलाबरोबर दुकानात आली. दुकानाला दोन पायऱ्या आहेत हे आज कळलं म्हटलं तरी चालेल. शेजारचा फळवाला आणि मी, दोघांनी खुर्चीसकट तिला उचललं. फळवाला म्हणाला, “कलिंगडाच्या पाटीपेक्षा हलकी आहेस गं.” ती हसली.

माप चोख यावं म्हणून मी कापायचं टेबल पुसलं, त्यावर स्वच्छ चादर घातली आणि तिला आडवं झोपवलं. पाय सरळ केले. इतक्या बारकाईने मी कुणा बड्या साहेबाचं माप घेतलं नसेल. आली तेव्हा शिट्टी वाजवत होती, टेबलावर गेल्यावर गप्प झाली. छताकडे बघत राहिली. वकीलही बोलेना. उकाड्याने असेल. दुकानात पंखा एकच, तोही माझ्या बाजूला.

घरी गेल्यावर अक्का खोदून खोदून विचारत होती. किती मोठी आहे, दिवसाचे किती तास बसते, खुर्चीची पाठ उंच की बुटकी. मी म्हटलं, “तुला काय करायचंय? तू काजं कर.” तिने मान डोलावली आणि काजं केली.

१३ मार्च, बुधवार

आज नाक कापलं गेलं.

नमुना घेऊन शाळेत गेलो. शिट्टीने आत जाऊन घालून दाखवला. पुढून कमरपट्टी पोटात रुतलेली, मागे तीन बोटं उघडी, आणि घोट्याच्या वर वीतभर पाय. मापं पुन्हा पुन्हा ताडून बघितली. माप चोख, बेतणं चोख, शिवण चोख, मग बिघडलं कुठे? वकील हाताची घडी घालून उभी. माझ्या तोंडातून निघून गेलं, “पोरी, जरा नीट ताठ बसत जा ना.”

शिट्टीने स्वेटर घेतला आणि पुन्हा बांधला.

घरी अक्काला सगळं सांगितलं, अगदी मी काय म्हणालो तेसुद्धा. तिने सुई पिनकुशनमध्ये खोचली. मग म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं.” आणि आत निघून गेली, तिच्या चाकं लावलेल्या पाटावरून. जेवलीही नाही. पोट ठीक नाही म्हणाली. दुपारपर्यंत तर ठीक होतं.

१४ मार्च, गुरुवार

दुसऱ्यांदा बेतलं. कमर मोठी घेतली. आता पोटात रुतणार नाही, पण मागून जास्तच सरकेल. कापड वाया घालवायची माझी सवय नाही.

१७ मार्च, रविवार

अक्काबद्दल इथे कधी नीट लिहिलेलं नाही. तिच्याबद्दल लिहायला असं काही घडत नाही. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. लहानपणी तापात पाय गेले. चौथीत वडिलांनी शाळेतून काढलं, कारण पोरं टक लावून बघायची. मी लग्न केलं नाही, तिचं कुणी केलं नाही. तिला कशाचीही उणीव पडू नये म्हणून मी घरातले सगळे उंबरठे काढले, मोरीला कठडा केला, मशीन हाताने चालणारी आणली. सगळं जागच्या जागी. सव्वीस वर्षं झाली, तिला दाराबाहेर पडायची वेळ आलेली नाही.

कपडे ती स्वतःचे स्वतः शिवते, उरल्यासुरल्या तुकड्यांतून. तिचा लेंगा बघून मला नेहमी हसू येतं. मागून उंच, पुढून बुटका, पाय हे लांब. दोरीवर वाळत घातला की कुणीतरी अर्ध्यात पळून गेल्यासारखा दिसतो. मी म्हणतो, “अक्का, शिंप्याची बहीण असून हे बेढब काय घालतेस?” ती म्हणते, “असू दे. मला आवडतं.”

२० मार्च, बुधवार

दुकानातून घरी आलो तर दाराशी बूट. आत वकील आणि शिट्टी. आमचं घर जमिनीलगत, खुर्ची थेट आत आलेली. मला शोधत आल्या होत्या म्हणे. मी सारा दिवस दुकानात असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बाहेरूनच ऐकू आलं, अक्का हसत होती. तोंडावर हात न धरता, खळखळून. मी आत गेलो आणि तिघी एकदम चूप. टेप अक्काच्या गळ्यात होता. माझ्याच घरात मी पाहुणा.

जाताना शिट्टी म्हणाली, “येते हं, अक्काआजी.” काका झालो मी, आणि माझी बहीण आजी. नात्याचा हिशेब पोरं कुठल्या शाळेत शिकतात कोण जाणे.

मग अक्का म्हणाली, “शाळेचं कापड दीड मीटर आणून दे.” म्हटलं कशाला? “काज जुळवून बघायला.” एका काजाला दीड मीटर! पण बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी धड बोलली होती, म्हणून आणून दिलं.

२३ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहितो.

सकाळी अक्काच्या मशीनवर एक पँट घडी घालून ठेवलेली. शाळेच्या कापडाची. उलगडली आणि हसू फुटलं. आसन, म्हणजे कमरपट्टीपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतचं कापड, मागून उंच, पुढून बुटकं, आणि पाय लांब. मागचे खिसे गायब, त्याऐवजी मांडीवर बाजूने खिसे. म्हटलं, कापडाची चेष्टा केली कुणी!

आणि मग मला दोरीवरचा लेंगा दिसला.

हातातली पँट आणि तो लेंगा. लेंगा आणि पँट. बसलेल्या माणसाला मागून जास्त कापड लागतं आणि पुढून कमी. गुडघे वाकले की पँटचे पाय वर चढतात. मागच्या खिशाची शिवण दिवसभर अंगात रुतते. पाहिलं तर किती सोपं आहे. तीस वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर वाळत होतं.

“तू बेतलंस हे?”

“मग काय, उंदराने कातरलं?”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलंस, धाकट्या? बेढब म्हणायचास. मला वाटायचं, असेलही बेढब.” सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. मग हात थांबला. “ती पोर सगळा दिवस बसून असते. तिला टेबलावर कशाला निजवलंस? मलाही लहानपणी असंच निजवून सगळे वरून बघायचे. डॉक्टर, बाबा, शेजारपाजारचे. मी छताच्या फळ्या मोजायची.”

मला रडू आलं. एकोणसाठ वर्षांचा बाप्या, हातात पँट धरून रडलो. अक्काने आधी रडू दिलं, मग म्हणाली, “कापडाला डाग पडेल, तिकडे हो.”

२५ मार्च, सोमवार

शिट्टीने पँट घातली. मागे एकही बोट नाही. वाकली, वळली, खाली पडलेलं पेन उचललं, मुद्दाम पुन्हा पाडलं आणि पुन्हा उचललं. मग अशी काही शिट्टी मारली की मुख्याध्यापिका बाई खोलीतून बाहेर आल्या.

जीव भांड्यात पडला, पण वकिलाने लगेच दुसरं काढलं. “सभेला अक्काआजी येणार ना?” मी म्हटलं, कशाला, मी दाखवेन की. तिला उगाच त्रास. वकील म्हणाली, “आमच्या समितीचा एकच नियम आहे, काका. ज्याची गोष्ट त्यानेच सांगायची. माझ्या मैत्रिणीच्या वतीने मीसुद्धा बोलत नाही.” खरंच की. इतकी तोंडाळ पोरगी, पण स्वेटरचं तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

घरी म्हटलं, “अक्का, लोक बघतील गं.” तिने काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला. म्हणाली, “बघू देत. मीही बघेन की त्यांना. किती वर्षं झाली.”

मापवहीत खोटं लिहिलं की कपडा बिघडतो, म्हणून मागच्या पानावरही खरं लिहितो. मला नुसतं लोक बघतील याचं भय नाही. अख्ख्या गावाला कळेल की शिंप्याला जमलं नाही ते काजं करणाऱ्या बहिणीला जमलं. मग मी कोण? सव्वीस वर्षं तिला जपलं असं मी सांगत आलो. जपलं का कोंडलं, ते तिला विचारायची हिंमत नाही.

३० मार्च, शनिवार

पोरं शिट्टीची जुनी खुर्ची घेऊन सकाळीच हजर. अक्का अंगाने एवढीशी, बरोबर बसली. कधी नाही ती पावडर लावली होती. गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मी विचारलं, परत फिरायचं का? म्हणाली, “ढकल रे.”

वाटेत म्हणाली, दुकान दाखव. पायऱ्यांपाशी थांबलो. मी तिला उचलायला वाकलो तर तिने हात आडवा केला. “सगळ्यांदेखत उचलू नकोस मला.” रस्त्यावरूनच बघत राहिली, टेबल, पंखा, आरसा, टांगलेले शर्ट. प्रत्येक शर्टाचं प्रत्येक काज तिचं. मग म्हणाली, “लहान आहे रे. तू सांगायचास त्यावरून मला मोठं वाटलं होतं.”

फळवाल्याने विचारलं, “ह्या कोण?” तीस वर्षांचा शेजारी माझा. त्याला माझी बहीण ठाऊक नव्हती.

सभेत नमुने मांडले. बिनशिवणीची मऊ कॉलर, मुलींना खिसे, हात न चालणाऱ्या मुलीसाठी आतून चिकटपट्टी आणि वरून नुसती दिसायला बटणं. ती पट्टी दोनदा आपोआप सुटली, अजून काम आहे त्यावर. मग शिट्टी पुढे आली. मधोमध थांबली. कमरेचा स्वेटर सोडला, घडी केली, वकिलाच्या हातात दिला आणि सगळ्यांना पाठ दाखवून भर सभेत खुर्ची गर्रकन फिरवली. मागच्या बाकावर कुणी काही मोजलं नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “वा! हे कसं बेतलंत तुम्ही?”

तोंड उघडलं होतं मी. ‘आम्ही’ म्हटलं असतं तरी खपलं असतं. वकील माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं आणि अक्काकडे बोट केलं. इतकी जड गोष्ट मी कधी उचललेली नाही.

अक्काने खुर्ची सभेकडे वळवली. मग म्हणाली, “मला चौथीनंतर शाळेत येऊ दिलं नाही. आज आले.” मग शिट्टीकडे बघून, “पँटचं काय, मी रोज बसते. बसणाऱ्याला कळतं.” संपलं भाषण. पोरांनी बाकं बडवली. मी मागे भिंतीशी उभा होतो, माझा ऊर भरून आला आणि हेवाही वाटला, दोन्ही एकदम.

नमुना पसंत. काम आमच्याकडेच. बाईंनी लेखी देताना दुकानाच्या नावापुढे कंसात अक्काचं नाव घातलं. वकिलाने बाईंना कंस खोडायला लावला.

२ एप्रिल, मंगळवार

गवंडी आला होता. पायऱ्या फोडून उतार केला. फळवाला म्हणतो, बरं झालं, माझी हातगाडीही चढेल. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसा मी, असं त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, “मला काय सांगतोस, त्या आजींना सांग.”

४ एप्रिल, गुरुवार

अक्काचा दुकानातला पहिला दिवस. पंखा तिच्या बाजूला फिरवला. तिने येताच आरशाची जागा बदलायला लावली. “बसलेल्या माणसाला ह्यात नुसतं कपाळ दिसतं.” दुपारी शिट्टी आणि वकील मापांची यादी घेऊन आल्या. उद्यापासून शाळेच्या सभागृहात मापं, बसणाऱ्यांची अक्का घेणार, उभ्यांची मी. उभ्यांची रांग मोठी असेल, पण वकील म्हणाली, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, काका.

पोरी गेल्यावर अक्का म्हणाली, “मागच्या पानांत रोज लिहितोस ते मी वाचते हं.” मी वही मिटली. “कधीपासून?” “पहिल्यापासून. पुढच्या पानांवर नुसती काजं असतात, कंटाळा येतो.” म्हणजे बेढब वाचलं, उकाडा वाचला, कोंडलं तेही वाचलं. मी विचारलं, “मग? जपलं का कोंडलं?”

तिने पोरींनी आणलेली यादी घडी करून ठेवली. मग म्हणाली, “दोन्ही. आता टेप आण.”

तेव्हा लक्षात आलं. ह्या वहीत तीस वर्षांची मापं आहेत. पोरांची, त्यांच्या बापांची, तीन नवरदेवांची, एका सर्कसवाल्याचीसुद्धा. अक्काचं पान नाही. मी तिचं माप कधी घेतलंच नाही. म्हटलं, “दुकानात बसायचं तर नवा कपडा हवा, तुकड्यांचा नाही. अख्ख्या कापडातून.” तिने हात वर केले, पोरीसारखे. मी गुडघे टेकून जमिनीवर बसलो आणि वहीला पुढून नवं पान काढलं. ते इथेही उतरवून ठेवतो.

अक्का. बसून.
कमर २८. पुढचं आसन ८. मागचं आसन १४. लांबी ३९.

*माप बरं घेतलंस. मागचं आसन अर्धा इंच वाढव. — अक्का*